एकीनंच जायचं

कोल्हापूरहून नाच घेऊन परगावी जायचं म्हणजे पूर्वी आमच्याकडे आधी टेम्पो भरावा लागायचा. थर्माकोलची विहीर, तिचा प्लायवूडचा कठडा, दिव्यांच्या पेट्या, जमिनीवर अंथरायची रबरी गुंडाळी, कपड्यांच्या ट्रंका. आणि सगळ्यांत शेवटी, मागच्या गाडीत दाटीवाटीनं आम्ही सहा जणी. गाण्यांच्या भेंड्या लागायच्या. कऱ्हाड येईस्तोवर कुणाला तरी गाडी लागायचीच. साताऱ्याला कंदी पेढ्यांवरून भांडण व्हायचं आणि मुक्कामी पोचेपर्यंत मिटलेलं असायचं.

आता आम्ही तसं जात नाही. आता एकीनंच जायचं, असं ठरलंय. या ठरावानंतरचा पहिला प्रवास माझ्या वाट्याला आला, मुंबईच्या उपनगरांचा. मुंबई पाहायला निघालेल्यांना या लिखाणाचा फारसा उपयोग नाही. समुद्र मी पाहिला तो मासळीच्या बाजूनं, आणि गेटवे तर पाहिलाच नाही.

ठराव कसा झाला ते आधी सांगते. एका गावी प्रयोग संपल्यावर विहिरीला तडा गेला, म्हणून आम्ही ती नाट्यगृहामागं टाकून आलो होतो. पुढं शिबिरासाठी त्याच गावी गेलो, तर मागच्या ओढ्यात आमची विहीर अडकलेली. थर्माकोलचे पांढरे मणी पार पुलापर्यंत तरंगत होते आणि एक म्हैस त्यातच तोंड घालून पाणी पीत होती. आमची संस्था चालवणारा आणि नाच बसवणारा मंदार काठावर बराच वेळ उभा राहिला. परत आल्यावर त्यानं सगळ्यांना बसवलं.

"सामान हलवायचं नाही, माणसं हलवायची नाहीत. नाच हलवायचा," तो म्हणाला. "एक जण जाईल, तिथल्याच नाचणाऱ्यांना शिकवेल. कपडे तिथले जुने, सामान तिथं टाकून दिलेलं, उजेड दिवसाचा. राहायचं कुणाच्या तरी घरी."

सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. कोण जाणार यावर चर्चाच झाली नाही. आमचा 'आड' नावाचा नाच आहे, त्यातल्या सहाही जणींचं काम मला पाठ आहे. शिवाय माझ्या घरी माझ्यावाचून अडेल असं कुणी नाही.

सहा बायका पाण्याला आडावर येतात, आड कोरडा निघतो, त्या आपसांत भांडतात, भांडण मिटतं, एवढीच त्या नाचाची गोष्ट. शेवटी पाच जणी रिकाम्या हातानं निघून जातात आणि सहावी एकटीच दोर शेंदत राहते. ती सहावी म्हणजे मी. पहिल्या प्रयोगापासून मीच. मुंबईत पाच जणी तिथल्या आणि सहावी मी, असा बेत होता.

घाटकोपर

माझी सोय घाटकोपरला उषाताईंकडे केली होती. उषाताई मूळच्या अकोल्याकडच्या, एका रुग्णालयात परिचारिका. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेल्यामुळे त्याची खोली रिकामी होती. पुढच्या खोलीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली ताजी मोगऱ्याची फुलं, आणि भिंतीवर त्यांच्या पाळ्यांचं वेळापत्रक.

त्या वेळापत्रकानं आमची गाठ पडू दिली नाही. मी उठायच्या आत त्या गेलेल्या असायच्या आणि मी परतायचे तेव्हा झोपलेल्या. पण ओट्यावर रोज ताटाखाली ताट झाकलेलं असायचं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, कधी वांग्याचं भरीत, आणि एका कोपऱ्यात असा ठेचा की आम्हा कोल्हापूरकरांनीही पाण्याकडं हात न्यावा. मी जेवायचे, ताट धुऊन पालथं घालायचे. जाताना त्यांच्यासाठी चहाचं आधण मोजून झाकून ठेवायचे. एवढाच आमचा संवाद.

आमच्याकडं पाहुण्याला एकट्यानं जेवू देणं म्हणजे त्याचा अपमान. कुणी ना कुणी समोर बसतंच. भूक नसली तरी पापड मोडत बसतं. इथं एकटीला जेवू देणं हाच मान असावा. कुणाच्या वेळेत लुडबूड करायची नाही. मला ते पटायचं, पण घास काही लवकर उतरायचा नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांतच मी जेवताना मोबाइलवर आमच्या गाडीतल्या भेंड्यांचं चित्रण लावून ठेवायला लागले. नंतर तेही बंद केलं. त्यानं जास्तच सुनं वाटायचं.

एका संध्याकाळी मात्र आमची गाठ पडली. त्यांची पाळी बदलली होती. नाचासाठी जुनी लुगडी-साड्या कुठं मिळतील, असं मी विचारलं. त्या उठल्या आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून एक गाठोडं काढलं. आत पांढऱ्या साड्यांची चळत होती.

"आधी आम्हाला ड्यूटीवर साडी असायची," त्या म्हणाल्या. "आता ड्रेस आलाय. टाकवत नव्हत्या बघ. घेऊन जा."

"फाडाव्या लागतील, उषाताई."

"फाड की. माझं वय झालं त्यांत. त्यांनी आणखी किती वर्षं असं घडी घालून पडायचं?"

मग आम्ही चहा प्यायलो. मी म्हटलं, "एका घरात राहतो आणि भेट नाही, कसं वाटतं ना?" त्यांनी बशीत चहा ओतला आणि म्हणाल्या, "सवय होते गं." आणि लगेच, स्वतःलाच टोकल्यासारखं, "होते म्हणजे, करावी लागते."

अंधेरी

घाटकोपरहून मेट्रोनं अंधेरी गाठायची आणि मग रिक्षा. तालमीची जागा म्हणजे औद्योगिक वसाहतीतला एक बंद पडलेला छापखाना. छपरात मधे मधे पारदर्शक पत्रे बसवलेले, त्यामुळं दिवसभर दिवा लावायची गरज नाही. दीप्ती नावाची एक तरतरीत मुलगी तिथं नाचाचा छोटा संच चालवते. उजेडाची सोय झाली म्हणून मी खूश झाले आणि मग खाली बघितलं, तर नुसतं सिमेंट. तसल्या जमिनीवर उड्या मारल्या तर चार दिवसांत गुडघे जायचे.

"थांबा, स्टुडिओत फोन लावते," दीप्ती म्हणाली.

अंधेरीला एखादी मालिका बंद पडली की तिचं अख्खं घर मोडून बाहेर टाकतात. दुपारी हातगाडीवरून प्लायवूडच्या फळ्या आल्या. कुठल्याशा हवेलीच्या भिंती होत्या. त्यांच्यावर सोनेरी वेलबुट्टी, कोनाडे, खोट्या खिडक्या रंगवलेल्या. जुन्या टायरच्या पट्ट्या खाली टाकून आम्ही त्या भिंती जमिनीवर आडव्या केल्या आणि सहा-सात जणी त्या हवेलीवर नाचायला लागलो. पडलं की गालाखाली खिडकी यायची. पोरी हसून लोळायच्या. कोल्हापूरला हे कुणाला तरी तिथल्या तिथं सांगावं असं फार वाटायचं. फोटो पाठवला की पाच अंगठे उलट यायचे आणि विषय संपायचा.

साड्या आम्ही चहाच्या चोथ्यात रंगवल्या. नाक्यावरच्या टपरीवाल्याकडून रोज बादलीभर चोथा आणायचो. रंग कुठं गडद, कुठं फिका असा बसला. वाळल्यावर त्या साड्या तडकलेल्या गाळासारख्या दिसल्या. आमच्या शिवून घेतलेल्या कपड्यांना ते कधीच जमलं नव्हतं.

या संचात रेश्मा होती. वेसाव्याची, म्हणजे वर्सोव्याची कोळीण, पंचविशीतली, राखीव म्हणून घेतलेली. सकाळी आईबरोबर बाजारात मासळी विकून मग तालमीला यायची, त्यामुळं नेहमी उशीर. पहिल्याच दिवशी तिनं मला "ए ताई, तू खालीच बसतेस का, खुर्ची देऊ?" असं विचारलं. आमच्याकडं पहिल्या भेटीत असं 'तू' म्हटलं तर भांडणच व्हायचं. मला ते बरं वाटलं. तालमीत मला 'तू' म्हणणारी ती एकटीच होती. तिच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी असायची आणि ती न विचारता अर्धा डबा माझ्यापुढं सरकवायची.

हवेलीच्या एका फळीत खिळा राहून गेला होता. आम्ही सगळ्या फळ्या चाचपल्या होत्या, तरी एक राहिलाच. माझ्या टाचेत चांगला आत गेला. दवाखान्यात इंजेक्शन झालं, पट्टी झाली, आणि डॉक्टरीणबाईंनी आठवडाभर पाय टेकवायला मनाई केली.

"वाट लागली ना," रेश्मा म्हणाली. "आता तुझं काम कोण करणार?"

"तू कर. मी बसून सांगते. पाय बरा होईपर्यंत."

तिच्याशी भांडण झालं ते शेवटच्या भागावरून. दोर शेंदताना मी सरळ उभी राहते, हात खालून वर, एकामागून एक, डोळे आडात. रेश्मा अंग मागं टाकून, टाचा रोवून, दोर आडवा खेचायची.

"अगं, आड खोल असतो. दोर वर येतो. तू कुठं आडवी ओढतेस?"

"मी आड बघितलाच नाय, ताई. आमच्या पाड्यात विहीर होती म्हणे, ती बुजवून तिथं जिम झालंय."

"मग डोळ्यांपुढं काय आणतेस?"

"होडी. बापूस ओढतो ना किनाऱ्याला, तशी."

"या नाचात समुद्र नाही रेश्मा. पाणी नाहीच आहे, हीच गोष्ट आहे."

"मला माहितीय. पण माझ्या अंगात शेंदणं नाय येत, खेचणं येतं. मी खोटं खोटं शेंदू का?"

खेचणं मी चालू दिलं. एका गोष्टीवर मात्र अडून राहिले. बाकीच्या पाच जणी निघून जातात तेव्हा सहावीनं त्यांच्याकडं बघायचं नाही. मी कधीच बघितलेलं नाही. रेश्मा दर वेळी मान वळवायची.

"का नाय बघायचं? पाच जणी सोडून चालल्यात, आणि मी बघणार पण नाय?"

"बघितलंस तर त्यांना थांबावं लागेल."

"मग थांबू देत ना," ती म्हणाली.

पवई

रविवारी तालीम नव्हती. उषाताई कामावर होत्या. भिंतींकडं बघून कंटाळले म्हणून रिक्षा करून पवईला तलावावर गेले. पाय आता टेकवता येत होता. काठावर मगरींपासून सावध राहा अशी पाटी आहे. मगर काही दिसली नाही. पलीकडं काचेच्या इमारती, अलीकडं पाणवेलींचा हिरवा थर, आणि बाकांवर माणसं जोडी-जोडीनं. एका जोडप्यानं मला फोटो काढायला सांगितला. मी चार काढले. मुलगी म्हणाली, "थँक यू काकी, तुमचा काढू?" मी नको म्हटलं. एकटीचा फोटो पाठवायचा कुणाला?

तिथंच मंदारचा फोन आला.

"पाय कसा आहे?"

"बरा आहे. उद्यापासून उभी राहीन. प्रयोगाला अजून वेळ आहे, होईल."

"रेश्मा कशी करतेय तुझं काम?"

"करतेय."

"म्हणजे बरी करतेय?"

"माझ्यासारखी नाही करत. पण करतेय."

"वसुधा, राग मानू नकोस. ती करू शकत असेल तर तिथं सहा जणी तयार झाल्या. मग तो नाच तिथंच राहील. मुलुंडला करतील, बोरिवलीला करतील, कधीही करतील. तू त्यात असलीस तर प्रत्येक वेळी तुला जावं लागेल. मग आपण वाचवलं काय?"

"टेम्पो," मी म्हटलं.

तो हसला. मग त्याला कळलं असावं, कारण हसू मधेच थांबलं.

"मी सांगत नाही तुला. तू तिथं आहेस. तू ठरव."

मी फोन ठेवला. मंदारचं बोलणं खोडण्यासारखं नव्हतं, हाच त्रास होता. आम्ही टेम्पो कमी केला, दिवे कमी केले, विहीर कमी केली, पाच मैत्रिणी कमी केल्या. प्रत्येक वेळी मी मान डोलावली होती. आता उरलेलं एक सामान मीच होते. एक बगळा पाणवेलींवरून चालत पार मधोमध गेला, तिथं उभा राहिला. अंगावर ऊन आलं तरी मला उठावंसं वाटेना. पाय बरा झालाय एवढं सांगून तालमीत उभी राहिले असते तरी चाललं असतं. कुणी मला कारण विचारणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रेश्मा आली तेव्हा बाकीच्या पोचल्या होत्या. तिच्या हातावर अजून खवले चिकटलेले होते. मी तिला म्हटलं, "प्रयोगात सहावी तूच. मी बाहेरून बघेन."

"पाय दुखतोय अजून?"

"नाही. पाय बराय."

"मग?"

मी कारण सांगितलं. नाच इथंच राहावा, पुन्हा पुन्हा कुणाला यावं लागू नये. ती ऐकत होती आणि हातावरचे खवले एकेक करून काढत होती.

"म्हणजे तू नाचणारच नाय?" ती म्हणाली. "मला वाटलं, पाय बरा झाला की तालमीत तरी तुझ्याबरोबर नाचायला मिळेल. राखीव म्हणून कशाला येते मी रोज, मासळी टाकून? आईच्या शिव्या खाऊन?"

इतके दिवस मी धरून चालले होते की एकटी पडलेय ती मीच. "चल, उभी राहा," एवढंच म्हटलं. ती उभी राहिली, पण त्या दिवशी तिनं डबा पुढं सरकवला नाही.

वेसावे

प्रयोग वेसाव्याला झाला, बोंबील वाळवतात त्या मोकळ्या मैदानावर. रेश्माच्या काकीनं आवारातल्या बांबूंच्या रांगांमधली जागा एका दुपारपुरती मोकळी करून दिली. उन्हं उतरायला लागली की सुरू करायचं आणि उजेड आहे तोवर संपवायचं. दिवे नाहीत, फ्लेक्स नाही. रेश्माची आई सकाळी बाजारात ओरडून सांगून आली होती, तेवढीच जाहिरात. आमचा काथ्याचा दोर कोल्हापुरातच राहिला होता. इथं दोर आला तो होडीचा, हिरवा, मिठानं ताठरलेला, मासळीच्या वासाचा.

दीडशेएक माणसं जमली असतील. बऱ्याचशा बायका, मांडीवर पोरं, काही जणींच्या हाती रिकाम्या टोपल्या. मी त्यांच्यातच चटईवर बसले. तालमीत मी बाजूला बसून सांगायचे; अख्खा 'आड' समोरून आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. गंमत म्हणजे मला माझ्याच जागेचं काही माहीत नव्हतं. सहावी कोपऱ्यात असते असं मला नेहमी वाटायचं. समोरून ती अगदी मधोमध दिसते.

माझ्या शेजारच्या आजींनी हातातली सुपारी कातरता कातरता विचारलं, "तुझी पोर कुठली गं यातली?"

"माझी नाही कुणी."

"मंग?"

"मी कोल्हापूरहून आलेय. बघायला."

"एकलीच?"

"हो, एकटीच."

त्यांनी सुपारीचं खांड माझ्या हातावर ठेवलं आणि पुन्हा समोर बघायला लागल्या.

पाच जणी निघाल्या. चहाच्या रंगाच्या साड्या बांबूंच्या मधून एकेक करून लांब गेल्या. रेश्मानं टाचा रोवल्या, अंग मागं टाकलं आणि दोर खेचायला सुरुवात केली. आणि मग तिनं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. वाटलं, गेलं, सगळं गेलं. जाणाऱ्यांतली शेवटची थबकली. तालमीत असं ठरलं नव्हतं. ती वळली नाही, नुसती थबकली. रेश्मा दोर न सोडता तिच्या पाठीकडं बघत राहिली. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. एक पोर रडायचं थांबलं. मग ती शेवटची चालायला लागली, आणि रेश्मा पुन्हा दोराकडं वळली.

आजींचा अडकित्ता मधेच थांबला होता. "आता ती काय करंल?" त्यांनी मला विचारलं, जणू मला ते ठाऊक असायला हवं.

सगळं झाल्यावर रेश्मा गर्दीतून माझ्याकडं आली. घामानं चहाचा रंग तिच्या गळ्यावर उतरला होता.

"बघितलं मी," ती म्हणाली. "सॉरी. नाय राहवलं."

"बघत जा," मी म्हटलं.

तिनं मला मिठी मारली. मासळीचा, मिठाचा, चहाचा वास. मग तिला कुणीतरी हाक मारली आणि ती गेली. पोरी फोटो काढत होत्या, सहा जणी एकमेकींच्या गळ्यात हात टाकून. मी चटया गोळा करायला घेतल्या.

परत

मुलुंडच्या एका शाळेनं लगेच त्यांना बोलावलं. शनिवारी सकाळी, पटांगणात. शाळेतलं कुणीतरी वेसाव्याला आलं होतं. माझं तिकीट त्याच सकाळचं होतं. "थांबा ना, ताई," दीप्ती म्हणाली, पण थांबायचं कारण काय सांगणार? माझ्यावाचून व्हावं म्हणूनच तर सगळं केलं होतं. निघताना उषाताई घरी नव्हत्या. मी त्यांच्या मुलाच्या पलंगावरची चादर बदलली आणि किल्ली शेजारी दिली.

ठाण्याला गाडी पकडली. खिडकीची जागा मिळाली. समोरच्या बाईंनी चिवडा पुढं केला, मी घेतला, त्यांच्या सुनेच्या बाळंतपणाची हकिगत ऐकली. कर्जत आलं आणि गाडीला मागून इंजिन जोडलं. घाट सुरू झाला तेव्हा घड्याळ बघितलं. मुलुंडला सुरू झालं असणार.

आमच्या सहा जणींचं एक असायचं. आजारपणामुळं कुणी घरी राहिली आणि तिच्या जागी दुसरी उभी राहिली, तरी घरी राहिलेलीला पडल्या पडल्या कळायचं, आत्ता कुठवर आल्या असतील. श्वास तेवढेच, पावलं तेवढीच. मी डोळे मिटले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. बायका आल्या. घागरी टेकल्या. वाकून बघितलं. पाणी नाही. बोगदा आला, गेला. भांडण झालं, मिटलं. पाच जणी निघाल्या.

आणि तिथं माझा हिशेब थांबला. रेश्मानं मान वळवली असेल. आज ती किती वेळ बघेल, जाणारी थबकेल की नाही, थबकली तर वळेल का, मला काहीच ठाऊक नव्हतं. मनात मी दोर हातात घेऊन तशीच उभी होते. समोरच्या बाई म्हणाल्या, "झोप लागली का हो?"

"नाही," मी म्हटलं. बाहेर दरीत ऊन पडलं होतं. तिकडं नाच संपला असेल किंवा अजून चालू असेल.